‘देणं किती आहे?’ हे आधी विचारा

पत्र :

“मॅडम, माझा मुलगा अकरावीत आहे. सोळा वर्षे पूर्ण होऊन दहा महिने झाले. दोन महिन्यांपासून तो रात्री साडेअकरा-बाराशिवाय घरी येत नाही. गेल्या मंगळवारी धुणे काढताना त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात कागदाच्या अकरा पुड्या, साडेसहा हजार रुपये आणि आम्ही कधीच न घेतलेला एक मोबाईल सापडला. पुडीत वाळलेला पाला आहे, वास उग्र आहे. विचारले तर म्हणाला, ‘आई, त्यातलं तुला काय कळत न्हाई. तू फक्त पिशवीला हात लावू नको.’ आमच्या गल्लीत सगळी पोरे ज्याला भाऊ म्हणतात, त्याने याला फुटबॉलचे बूट घेऊन दिले होते. तेव्हा मला बरेच वाटले होते. याचे वडील शिरोलीला फाउंड्रीत पाळीने काम करतात. त्यांना कळले तर पोराला मारतील नाहीतर घराबाहेर काढतील. मी हे सगळे पंचगंगेत सोडून देऊ का? पोलिसांना सांगितले तर त्याचे आयुष्य संपेल का? की गारगोटीकडे माझ्या भावाकडे पाठवू?”
— एक आई, कोल्हापूर

ताई,

पुड्या पंचगंगेत टाकू नका. तुम्ही बरेच काही विचारले आहे, पण या एका गोष्टीचे उत्तर थांबू शकत नाही, म्हणून ते आधी दिले. त्या पुड्या तुमच्या मुलाच्या नाहीत आणि ते साडेसहा हजारही बहुतेक त्याचे नाहीत. माल त्याला उधारीवर दिलेला असतो, त्याचा हिशेब कुणाच्या तरी मोबाईलमध्ये लिहिलेला असतो आणि पुड्या नाहीशा झाल्या की दुसऱ्या दिवशी त्यांची किंमत तुमच्या मुलाच्या नावावर चढते. ती फेडायला त्याच्याकडे पैसे नसतात. मग त्याला सांगितले जाते की एक खेप जास्त मार, किंवा या वेळी पाला नको, ही छोटी पिशवी घेऊन जा. नदीत टाकलेली प्रत्येक पुडी मुलाला त्या माणसाशी आणखी घट्ट बांधेल.

गुन्ह्यात सापडलेल्या अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात; तिथे येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन त्यांचे सामाजिक अहवाल लिहिण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. अशा मुलांची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, म्हणून तपशील बदलून एकाच मुलाविषयी सांगते. तो सतरा वर्षांचा होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत त्याने मला हिशेब सांगितला होता. बूट अडीच हजार. मोबाईल सात हजार. गाडीत वेळोवेळी घातलेले पेट्रोल दीड हजार. वाढदिवसाचा केक आणि त्याचा व्हिडिओ काढणाऱ्याचे मिळून अठराशे. मारामारीत डोक्याला टाके पडले तेव्हा खासगी दवाखान्यात भरलेले तीन हजार. आणि गस्तीची गाडी पाहून घाबरून गटारात टाकलेल्या मालाचे चार हजार. बेरीज १९,८०० झाली. मी विचारले, “हे पैसे तुझ्याकडे कुणी मागितले का?” तो म्हणाला, “भाऊनं कधीच मागितलं न्हाई. पण मला म्हाईत हाय की.” ते वाक्य मी विसरलेले नाही. न मागितलेले देणे मुलाला किती घट्ट धरून ठेवते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून आज-उद्या मुलाशी बोलाल तेव्हा ‘तू असे का केलेस’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचे उत्तर त्याच्याकडे नाही, आणि असले तरी आईला सांगण्याजोगे नाही. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले असतील, धाकटे कुणी असल्यास ते झोपलेले असेल, अशा वेळी त्याला जेवायला वाढा आणि शांतपणे एवढेच विचारा, “कुणाचं किती देणं आहे?” पहिल्यांदा तो उठून जाईल. दुसऱ्यांदा आकडा कमी करून सांगेल. खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या वेळी निघतो आणि तो निघताना मूल बहुधा रडते. त्या वेळी त्याला उपदेश करू नका. देणे तुम्ही फेडाल असे कबूलही करू नका, कारण या व्यवहारातले देणे फेडून संपत नाही. एकदा घरातून पैसे येतात हे समजले की आकडा वाढतो. त्याला एवढेच सांगा की ही गोष्ट आता तुझ्या एकट्याची राहिलेली नाही.

तुमच्या पत्रातील बुटांच्या उल्लेखापाशी मी बराच वेळ थांबले. ‘तेव्हा मला बरेच वाटले होते’ असे तुम्ही लिहिले आहे आणि त्यात स्वतःला दिलेला दोष मला दिसतो. तो काढून टाका. कोल्हापुरात पेठेतल्या थोरल्याने पेठेतल्या पोराला बूट घेऊन देणे ही चांगुलपणाची जुनी रीत आहे. शाहू स्टेडियमवर खेळून गेलेल्या कित्येक पोरांच्या पायांत असे कुणीतरी घेऊन दिलेले बूट होते. तालमीतल्या वस्तादांनी गरिबाच्या पोराच्या खुराकाची, दुधा-बदामाची सोय पदरमोड करून केली आहे. हा भाऊ नेमकी तीच रीत वापरतो, म्हणून आईचा डोळा फसतो. फरक ओळखण्याची एक खूण मात्र आहे. वस्ताद पोराला पहाटे उठवून घाम गाळायला लावतो आणि रात्री लवकर घरी पिटाळतो. हा माणूस त्याला रात्री थांबवून घेतो. ज्याच्या सोबतीने मुलाची रात्र लांबत जाते, तो त्याचे भले करत नसतो.

अठराच्या आतली पोरे या धंद्याला का लागतात, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवे. त्यांच्यावर संशय कमी येतो, त्यांची झडती क्वचित होते, ती थोडक्या पैशांत राबतात आणि पकडली गेली तर लवकर सुटतील असा मोठ्यांचा हिशेब असतो. ‘तुला काय होतंय, तू लहान आहेस’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की ते कुणीतरी पढवलेले असते याविषयी मला शंका उरलेली नाही. कायद्याने मात्र हा हिशेब ओळखला आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७८ नुसार अमली पदार्थ विकण्यासाठी, नेण्यासाठी किंवा पुरवण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ८३ मध्ये, मुलांना टोळीत किंवा एकेकटे बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, अमली पदार्थांच्या सेवनात किंवा व्यापारात ओढले जाण्याचा धोका असलेले मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे, असे बाल न्याय अधिनियमच म्हणतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचा मुलगा केवळ आरोपी होऊ शकणारा मुलगा नाही. ज्याचा वापर झाला असा तो एक मुलगाही आहे. या दोन्हींपैकी कोणती बाजू आधी कागदावर येते, ते बरेचसे तुम्ही किती लवकर हालचाल करता यावर ठरेल.

लवकर म्हणण्याला कारण आहे. अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि त्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण मानले जाते आणि प्रौढालाही त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा लहान पुड्यांतला माल, तो गांजाच असेल तर, या मर्यादेच्या पुष्कळ आत असणार. पण मुले ज्याला एमडी म्हणतात, त्या मेफेड्रोनच्या पावडरचे अल्प प्रमाण फक्त दोन ग्रॅम आहे आणि पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण सुरू होते. पन्नास ग्रॅम म्हणजे साधारण कोंबडीच्या एका अंड्याचे वजन. त्याहून जड पिशवीसाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळणे अतिशय कठीण आहे. सोळा वर्षांवरील मुलाच्या बाबतीत अशा गंभीर गुन्ह्यात बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा असे ठरवू शकते. तुमच्या मुलाला कुणीही हे वजन समजावून सांगणार नाही. ‘पुडी पोचव’ आणि ‘पाकीट पोचव’ ही त्याच्या कानांना एकसारखीच कामे वाटतील. आज त्याच्याकडे पाला आहे आणि अठरा व्हायला चौदा महिने आहेत, या दोन्ही गोष्टी अजून तुमच्या बाजूच्या आहेत.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. पुड्या, पैसे आणि मोबाईल आहेत तसे एकत्र बांधून ठेवा आणि मुलाच्या हाती परत देऊ नका. पुड्या उघडू नका, पैशातला एक रुपयाही घरखर्चाला वापरू नका, मोबाईलमधले काहीही पुसू नका, कारण हा व्यवहार कुणाचा आहे हे त्यातल्या संदेशांवरूनच सिद्ध होऊ शकते. ती पिशवी घेऊन गावभर फिरू नका, शेजारणीकडे ठेवायला देऊ नका आणि ती त्या माणसाला नेऊन देऊन ‘माझ्या पोराला सोड’ असे सांगण्याचा विचार तर मनातही आणू नका. पण ही वस्तू घरात दिवसेंदिवस ठेवणेही चालणार नाही. माहीत असून ती घरात राहू दिली, तर ते तुमच्या अंगावर येऊ शकते.

म्हणून पहिली फेरी वकिलाकडे, आणि ती लगेच, न्यायालयाच्या कामाच्या पुढच्याच दिवशी. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठा. स्त्रिया आणि मुले यांना, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. जाण्याआधी चौकशी करायची असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. वकिलांना सर्व काही खरे सांगा, आकड्यासकट. वकिलांच्या सल्ल्याने आणि शक्यतो त्यांच्याच सोबत, पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाकडे जायचे. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो. गल्लीतल्या ओळखीच्या हवालदाराला चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन सांगू नका. तो माणूस भला असेलही, परंतु टपरीवर सांगितलेले टपरीवर राहत नाही. मुलाच्या संरक्षणासाठी बालकल्याण समितीकडेही अर्ज करता येतो, आणि १०९८ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. कुणी दारात येऊन धमकावले तर मात्र वाट न पाहता ११२ फिरवा.

‘आयुष्य संपेल का?’ या तुमच्या प्रश्नाला खोटा दिलासा देणार नाही. प्रौढांसोबत मिळून केलेला गुन्हा म्हणून नोंद होऊ शकते, मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे लागू शकते, आणि ते दिवस तुम्हा सर्वांना जड जातील. पण त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते, आणि मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक सदस्य बसतात, त्यांतील एक स्त्री असते. जामीन हा तिथे नियम आहे. तो नाकारायचा असेल तर मंडळाला कारणे लिहावी लागतात. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहणे असे आदेश मंडळ देऊ शकते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, प्रौढ म्हणून खटला चाललेला नसेल तर, या प्रकरणामुळे पुढे नोकरी-शिक्षणासाठी तो अपात्र ठरत नाही आणि नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. मंडळापुढे आलेली आणि नंतर आयटीआय करून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत व्यवस्थित कामाला लागलेली मुले मी पाहिली आहेत. ‘लहान आहेस’ ऐकत ऐकत अठरावा वाढदिवस तलवारीने केक कापून साजरा केलेली आणि त्यानंतर काही महिन्यांत कळंब्याच्या तुरुंगात गेलेली मुलेही पाहिली आहेत.

पतींना सांगायचे की नाही, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्रभर तीच भीती आहे. सांगावे लागेल. हे ओझे एकटीने उचलण्याजोगे नाही, आणि त्यांना बाहेरून कळले तर राग दुप्पट होईल. मात्र मुलासमोर सांगू नका आणि रात्रपाळी करून आलेल्या सकाळी सांगू नका. घरात ज्यांचा शब्द ते मानतात असे कुणी, थोरले दीर किंवा तुमचे बंधू, जवळ असू द्या. पतींना एवढे पटवा की घराबाहेर काढलेल्या मुलाला त्या रात्री झोपायला एकच जागा मिळते आणि ती त्या भाऊच्या खोलीवर असते. मारामुळेही तेच घडते. एका वडिलांनी मला सांगितले होते, “मी त्याला पट्ट्याने मारला आणि त्याने फक्त दार किती लांब आहे ते बघितलं.” मुलाला बापाची गरज नाही असे समजू नका. त्या माणसाने बापाचीच जागा घेतली आहे. ती परत मिळवायची असेल तर बापाला वकिलाकडे मुलासोबत बसावे लागेल, एका पाळीचा खाडा पडला तरी.

गारगोटीविषयी माझे मत असे आहे की लपवण्यासाठी पाठवू नका. मूल मामाकडे जाते, मोबाईलही जातो, देणे तसेच राहते आणि भाऊची माणसे तुमच्या दारात चौकशीला येऊ लागतात. शिवाय अकरावीचे वर्ष बुडते आणि रिकाम्या मुलाला गावातही असे दोस्त मिळतात. पोलिसांत सांगून झाल्यावर, वकिलांना पत्ता देऊन, काही आठवडे वातावरण निवळेपर्यंत मामाकडे ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती उपयोगी पडते. त्यात मामांना खरे कारण ठाऊक असले पाहिजे.

तो स्वतः नशा करतो का, याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. विकणारी बरीच मुले आधी चाखतात किंवा त्यांना चाखवले जाते, कारण व्यसनी मुलाला मजुरी मालातच देता येते. लाल डोळे, अवेळी लागणारी भूक, अभ्यासातून उडालेले लक्ष या खुणा गांजाच्या असू शकतात. रात्र रात्र झोप नसणे, जेवण तुटणे, जबडा आवळलेला राहणे आणि मग दोन दिवस कुणाशी न बोलता पडून राहणे, असे दिसत असेल तर पावडरची शंका घ्या आणि उशीर करू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती आपणहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद वकिलांना आठवणीने विचारा.

शेवटी त्या भाऊविषयी. गल्लीतल्या प्रत्येक घराला तो काय करतो ते माहीत असते. त्याच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर आपल्या पोराचा फोटो छापून आला की आपणही क्षणभर सुखावतो, आणि पोरगा पकडला गेला की ‘तो आधीपासूनच तसला होता’ म्हणणारे पहिले तोंड आपल्याच गल्लीतले असते. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. तुमच्या मुलासारखी आणखी चार-पाच पोरे त्याच्याकडे असणार. त्यांच्या आयांना तुम्ही ओळखत असाल. लगेच कुणाशी बोलू नका, आधी आपले मूल सुरक्षित करा. वकिलांची भेट झाली की त्यांतल्या ज्या एकीवर तुमचा विश्वास आहे, तिला सांगा. चार आया एकत्र उभ्या राहिल्या की धमकीचे वजन कमी होते. ज्यांना पुढे यायचे नाही त्यांना १९३३ या अमली पदार्थविरोधी मदतवाहिनीवर नाव न सांगता माहिती देता येते. साक्ष देण्याची वेळ आली आणि भीती वाटली, तर साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा पातळीवर अर्ज करण्याची सोय आहे. तो अर्ज वकील लिहून देतील.

वकिलांकडे जाताना मुलाचे दहावीचे प्रमाणपत्र, शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि महापालिकेचा जन्मदाखला सोबत घ्या. वय कागदाने सिद्ध झाले म्हणजे पुढचा घोळ टळतो. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून छायांकित प्रती द्या. मुलालाही बरोबर न्या. तो यायला तयार नसेल तर पहिल्या दिवशी तुम्ही एकट्या जा, पण घरी आल्यावर तुम्ही कुठे गेला होतात हे त्याच्यापासून लपवू नका. आणि आकडा कळला की मला पुन्हा लिहा.